माळाच्या पोटातली आमरी

आमरी म्हटली की मराठी वाचकाचं मन पश्चिमेला वळतं. आंबोलीचं धुकं, कासचं पठार, कोयनेच्या खोऱ्यातले शेवाळलेले बुंधे. फुलवाल्याकडे जांभळ्या पाकळ्यांची ‘ऑर्किड’ मिळतात ती पॉलिहाउसात वाढलेली किंवा परदेशातून आलेली. रानाशी त्यांचा काही संबंध उरलेला नाही. वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पावसावर भागवणाऱ्या, फेब्रुवारी उलटला की विहिरींचा तळ बघू लागणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात बसून रानातल्या आमरींवर लिहायचं, याचं पुष्कळांना नवल वाटलं. ‘आपल्याकडं असतंय का ते?’ हा पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

असतं. फक्त वर्षातले आठ-नऊ महिने ते मातीखाली असतं आणि उरलेल्या दिवसांत गवतात दडलेलं.

जगभरात आमरीकुलाच्या अठ्ठावीस हजारांच्या आसपास जाती आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं २०१९ साली देशातल्या आमरींची सचित्र यादी प्रसिद्ध केली, तिच्यात १,२५६ जाती नोंदल्या आहेत. त्यांतल्या ७५७ झाडांवर किंवा खडकांवर राहणाऱ्या, ४४७ जमिनीवर उगवणाऱ्या आणि ४३ अशा, की ज्या आपलं अन्न स्वतः करतच नाहीत, बुरशीकडून घेतात. कॅलेंडरवर झळकतात त्या बहुधा पहिल्या गटातल्या. त्यांना हवेतच ओल लागते. बालाघाटाच्या रांगा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात, तेव्हा असल्या आमरींना इथं जागा थोडी. त्यांच्यातली वांडा टेसेलाटा तेवढी चिवट. दख्खनच्या कोरड्या रानातही जुन्या आंब्याच्या फांदीवर ती तग धरते, कारण तिच्या जाड मुळांवर सच्छिद्र आवरण असतं आणि पावसाची एखादी सर, पहाटेचं दव त्यात शोषलं जातं. लोक तिला बांडगूळ समजून कोयत्यानं खरवडून काढतात. बांडगूळ झाडाच्या सालीत मूळ घालून त्याचा रस पितं. आमरी फांदीचा फक्त आधार घेते. आंब्याचं त्यात काहीही बिघडत नाही. एवढी एकच गोष्ट या पुस्तकातून गावोगावी पोहोचली, तरी किती झाडांवरच्या आमरी वाचतील!

आपला खरा विषय मात्र जमिनीवरच्या आमरींचा. हबेनारिया आणि युलोफिया ही त्यांतली दोन मोठी घराणी. मृगाचा पाऊस माळावर दोन-तीनदा चांगला झिरपला की गवताच्या कोंबांसोबत हबेनारियाची पानं वर येतात. काही जातींत ती जमिनीला चिकटून पसरतात, काहींत दांड्यावर चढत जातात. श्रावण-भाद्रपदात मधून तुरा निघतो. फुलं पांढरी, हिरवट किंवा पिवळसर. कुसळी आणि पवन्या गवतात उभी असली तर शेजारून गेलेल्या माणसालाही दिसू नयेत अशी. त्याच वेळी जमिनीखाली एक काम चालू असतं, त्यावर पुढचं सगळं अवलंबून. या झाडाला दोन कंद असतात. गेल्या वर्षीचा कंद पान आणि तुरा उभा करता करता सुकत जातो. त्याच्याशेजारी नवा कंद भरत असतो. शेतकऱ्याच्या घरात जुन्या कणगीतलं धान्य खाता खाता नवी कणगी भरावी, तसं. पान हिरवं आहे तोवर नवा कंद भरतो. पान मध्येच खुडलं गेलं तर कंद अर्धा राहतो आणि पुढच्या वर्षी तुरा येत नाही, नुसतं पान येतं. तेही खुडलं तर पुढं काहीच नाही. पाऊस फसलेल्या वर्षी काही कंद वर येतच नाहीत. मातीत पडून राहतात आणि एखादं वर्ष चुकवून पुन्हा फुटतात. गेल्या साली होतं, यंदा नाही, म्हणजे मेलं असं जमिनीवरच्या आमरीच्या बाबतीत लगेच म्हणता येत नाही. उलट यंदा दिसलं म्हणजे वंश नीट चालला आहे, असंही नाही.

कारण वंश चालायचा तर बी रुजायला हवं, आणि आमरीचं बी ही वनस्पतिसृष्टीतली विलक्षण चीज आहे. एका बोंडात हजारो बिया, काही जातींत लाखो. एकेक बी धुळीच्या कणाएवढं. ज्वारीच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी असते, हरभऱ्यात डाळ असते. आमरीच्या बियांत तसलं काहीच नसतं. मातीत पडल्यावर विशिष्ट बुरशीचा धागा आत शिरला आणि त्यानं अन्न पुरवलं, तरच तिचा जीव धरतो. १८९९ साली नोएल बेर्नार या तरुण फ्रेंच संशोधकाला हे उमगलं. तोवर युरोपातले श्रीमंत हौशी लोक उष्ण कटिबंधातून जहाजं भरभरून आमरी नेत होते आणि त्यांचं बी का रुजत नाही म्हणून हैराण होत होते. पुढं १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी बुरशीऐवजी साखर घातलेल्या अगारवर बी रुजवून दाखवलं. आजचा ऑर्किडचा सगळा व्यापार त्या काचेच्या बाटलीतून निघाला. पण माळावर कोणी अगार ओतून ठेवलेलं नाही. तिथं ती बुरशीच हवी, आणि बुरशी टिकायची तर ती माती न उलथलेली, कुजक्या पाल्या-मुळांची, रसायनं न पडलेली हवी. म्हणून रानातली आमरी उपटून कुंडीत लावणाऱ्याला मी कळकळीनं सांगत आलो आहे, की तुम्ही झाड आणलंत, त्याचं घर तिकडंच राहिलं. एखादं वर्ष ते कंदातल्या साठ्यावर जगेल, फूलही देईल, आणि मग जाईल.

फुलाची दुसरी गरज म्हणजे पतंग. हबेनारियाच्या फुलाला मागं लांब, नळीसारखी शुंडिका असते आणि तिच्या तळाशी मध. तिथवर पोहोचायला तितक्याच लांब सोंडेचा कीटक लागतो. म्हणून कित्येक जातींची फुलं पांढरी असतात, तिन्हीसांजेनंतर गंधाळतात, आणि निशाचर पतंग मध पिताना परागांचे गठ्ठे डोळ्यांना किंवा सोंडेला चिकटवून पुढच्या फुलाकडे नेतात. आमरी पराग सुटे उधळत नाही, ती अख्खा गठ्ठा देते. गेला तर सगळाच गेला. त्या पतंगांच्या अळ्या माळावरच्या आणि बांधावरच्या दुसऱ्याच कुठल्या झुडपांची पानं खाऊन वाढलेल्या असतात. बांध साफ झाला की अळीचं खाणं गेलं, अळी गेली की पतंग गेला. आमरीला कोणी हातही लावलेला नसतो.

आता जरा इतिहासाकडे वळायला हवं, कारण आमच्या जिल्ह्यातल्या आमरी अंधारात राहिल्या त्याला इतिहास कारणीभूत आहे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. आजही महाराष्ट्रातला वनस्पतींचा अभ्यासक पहिल्यांदा तोच उघडतो. पण तो मुंबई इलाख्याचा. बार्शी आणि सोलापूर इलाख्यात होती; धाराशिव, तुळजापूर, परंडा, कळंब निजामाच्या राज्यात. बालाघाटाच्या डोंगराला सरहद्द ठाऊक नव्हती, संग्राहकांना होती. मुंबई-पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ रेल्वेनं, घाटरस्त्यानं खंडाळ्याला, महाबळेश्वरला, पाचगणीला जात राहिले. थंड हवेची ठिकाणं, राहायची सोय, पावसाळ्यात हिरवंगार रान.

पाचगणीचंच उदाहरण घेऊ. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव हे स्पेनमधून आलेले जेझुइट धर्मगुरू, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे, पुढं भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झालेले. त्यांनी झरीर कापडिया यांच्यासोबत मुंबई परिसरातल्या आमरींचा नेटानं अभ्यास केला. १९५७ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात दोघांनी पाचगणीच्या आमरीचं वर्णन केलं आणि तिला हबेनारिया पंचगनिएन्सिस हे नाव दिलं. १९६६ मध्ये त्यांचा ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ आला. ही आमरी जगात फक्त उत्तर सह्याद्रीच्या पठारांवर सापडते. दुसरीकडे कुठंही नाही. जांभ्या कातळावरच्या वीतभर मातीत, पावसाच्या चार महिन्यांत ती आपलं वर्ष उरकते. आज त्या पठारांवर घोडे, मोटारी, हॉटेलं आणि सुट्टीची गर्दी आहे. तरी त्या आमरीला नाव मिळालं, वर्णन मिळालं, तिचे वाळवलेले नमुने जपले गेले. ती कमी झाली तर निदान कळेल.

मराठवाड्याला हे भाग्य उशिरा लाभलं. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली सुरू झालं, तिथले प्रा. व्ही. एन. नाईक यांनी या कोरड्या मुलखातल्या वनस्पतींचा ध्यास घेतला आणि १९७९ मध्ये ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ प्रसिद्ध केलं. उस्मानाबाद म्हणजे आजचं धाराशिव. तेव्हा लातूर, औसा, निलंगा हे तालुकेही याच जिल्ह्यात होते. लातूर वेगळा झाला १९८२ साली. पुढं १९९८ मध्ये त्यांचा दोन खंडांतला ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ आला. मी या ग्रंथांना फार मोठं मानतो. सह्याद्रीच्या हिरव्या घाटात नवी जात शोधणाऱ्याचं नाव होतं. मुरमाड माळ आणि काटेरी झुडपं पायाखाली घालणाऱ्याकडे कोणी बघत नाही. नाईक सरांनी ते केलं म्हणून आज निदान ताडून बघायला काही तरी हाताशी आहे. त्यांच्या नोंदी ज्या माळांवरच्या आहेत, ते माळ गेल्या चाळीसेक वर्षांत कसे बदलले हे बघायला निघालेल्या माणसाला फार लांब जावं लागत नाही.

‘अतिसंकटग्रस्त’ हा शब्द वर्तमानपत्रात सहज वापरला जातो. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत त्याला नेमका अर्थ आहे. एखाद्या जातीची पूर्ण वाढलेली पन्नासपेक्षा कमी झाडं जगात उरली असतील. किंवा अडीचशेपेक्षा कमी असून घटत असतील. किंवा तिचा सगळा पसारा शंभर चौरस किलोमीटरच्या आत आला असून तुकडे पडत असतील आणि ते घटत चालले असतील, तर ती या वर्गात जाते. म्हणजे कोणीतरी आधी मोजलेलं असलं पाहिजे. २०२० साली उत्तर प्रदेशातल्या दुधवा व्याघ्र प्रकल्पाच्या गवताळ भागात युलोफिया ऑब्ट्यूसा ही अतिसंकटग्रस्त मानली जाणारी जमिनीवरची आमरी सापडली. तिची त्या बाजूची आधीची नोंद पिलीभीतची, १९०२ सालची. मध्ये ११८ वर्षं गेली. दुधवा तर वाघ-गेंड्यांमुळे गाजलेलं, पहारा असलेलं जंगल. वनरक्षक रोज फिरतात, अभ्यासक येतात, पर्यटक येतात. तरीही गवतातली आमरी एवढी वर्षं नोंदीबाहेर राहिली. मग जिथं पहारा नाही, अभयारण्य नाही, सातबाऱ्यावर नुसतं ‘पडीक’ लिहिलंय, तिथं काय होत असेल?

‘पडीक’ या शेऱ्यावर माझा राग आहे. देशाच्या पातळीवर उपग्रहाच्या चित्रांवरून पडीक जमिनींचे नकाशे निघतात, त्यांत झुडपी माळरान आणि गवताळ जमीन याच खात्यात जमा होते. धाराशिवचं क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटर. वन सर्वेक्षणाच्या अहवालांत इथलं वनाच्छादन एक टक्क्याच्याही खाली. त्यामुळे या जिल्ह्यात निसर्गच नाही अशी समजूत झाली आहे. वस्तुस्थिती अशी, की इथला निसर्ग झाडांच्या गर्दीचा नाहीच. तो गवताचा, बोरी-हिवराचा, उघड्या आभाळाचा आहे. भूम-वाशीकडच्या पठारांवर, तुळजापूर-नळदुर्गच्या बरडावर, गावोगावच्या गायरानात तो विखुरलेला आहे. आणि कागदावर ‘पडीक’ असल्यामुळे त्याचं काहीही केलं तरी कोणाला हरकत नसते. सोयाबीनला भाव आला तेव्हा बरडही मोडलं गेलं. रस्त्यांना मुरूम लागला की जेसीबी माळाच्या कडेला लागतो, आणि दोन दिवसांत निघालेल्या त्या वीतभर थराला तयार व्हायला किती काळ लागला हे विचारायची पद्धत नाही. पवनचक्क्यांसाठी पठारांवर रुंद रस्ते चढले. वीज हवीच, तिला माझा विरोध नाही. पण रस्ता आखण्याआधी पावसाळ्यात एकदा माळ चालून बघायला काय हरकत होती?

सगळ्यांत जास्त वाईट वाटतं ते चांगल्या हेतूनं झालेल्या हानीचं. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडं लावायचा कार्यक्रम झाला. झाडं लावायला जागा हवी, ती मिळाली माळावर. समतल चर खोदले, खड्डे घेतले, गिरिपुष्प लावलं. माथ्यावर पाणी अडवण्याच्या कामाचं मोल दुष्काळी भागातल्या माणसाला मी काय सांगणार? पण गवताळ माळावर सरसकट खोदाई करून झाडं लावणं म्हणजे एक परिसंस्था काढून तिथं दुसरी बसवणं. सूर्यप्रकाशात वाढणारी आमरी गिरिपुष्पाच्या सावलीत जगत नाही. तिचा कंद चराच्या मातीबरोबर उलथून बाहेर पडतो आणि उन्हात वाळतो. उन्हाळ्यातला वणवा तिला तितका बाधत नाही, तो वरून जातो तेव्हा ती खाली निजलेली असते. कुदळ आणि नांगर मात्र तिच्यापर्यंत पोहोचतात.

शेळीचं काय, असं हमखास विचारलं जातं. उस्मानाबादी शेळी, काळीभोर, दोन करडं देणारी, जिल्ह्याचं नाव देशभर नेणारी. ती तुरा खाते, हे खरं. पण शेळ्या, गुरं आणि आमरी या माळावर शेकडो वर्षं एकत्र नांदल्या आहेत. चराई फिरती होती. कळप एका माळावरून दुसऱ्यावर जायचा, पहिल्या माळाला उसंत मिळायची. भूमच्या खव्याच्या भट्ट्या ज्या दुधावर चालतात, ते दूधही याच गवताचं. आता गायरानं आकसली, अतिक्रमणं झाली, आणि तेवढीच जनावरं उरलेल्या तुकड्यावर सगळा पावसाळा उभी राहतात. शेळीला दोष देऊन आपण सुटू नये. राखलेल्या गायरानात श्रावण उलटेपर्यंत एखादा कोपरा चराईविना सोडायची जुनी रीत काही गावांत अजून जुन्या माणसांच्या तोंडून ऐकायला मिळते. आमरीच्या दृष्टीनं याहून चांगली योजना मला सुचलेली नाही.

कंद खणण्याचा धोका आपल्याकडे हिमालयाइतका नाही, तरी आहे. ‘सालममिश्री’ या नावानं पौष्टिक म्हणून जे विकलं जातं, ते आमरींचे कंदच. युलोफियाचे कंद मैदानी मुलखातून जातात, हिमालयातून सालमपंजा येतो. तुर्कस्तानात अशाच कंदांची पूड पेयात आणि आइस्क्रीममध्ये घालतात; किलोभर पुडीला हजाराच्या वर कंद लागतात आणि प्रत्येक कंद म्हणजे एक संपलेलं झाड. साईट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली आमरींचं अख्खं कुल येतं, रानातून उचललेल्या आमरीचा परवान्याशिवाय परदेशी व्यापार चालत नाही. कायदा बंदरावर आणि विमानतळावर उभा असतो. माळावर गावालाच उभं राहावं लागतं.

येडशीजवळचं रामलिंग घाट अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. सुमारे २२ चौरस किलोमीटरचं हे रान, मध्ये रामलिंगाचं देऊळ, पावसाळ्यात धबधबा, श्रावणात यात्रेची गर्दी. देवाच्या नावानं राखलेल्या डोंगराची माती सहसा कोणी उलथत नाही, म्हणून इथं आणि अशा इतर देवस्थानांच्या माळांवर आमरी शोधायला जावं. पण जिल्ह्यातला बाकीचा माळ अभयारण्याबाहेर आहे आणि तसाच राहणार. तिथं उपयोगी पडेल असं एक साधन २००२ च्या जैवविविधता कायद्यानं दिलेलं आहे: ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही. बऱ्याच ठिकाणी ही वही तालुक्याला बसून, शेजारच्या गावाची बघून भरली जाते. आंबा, चिंच, कडुलिंब, मोर, लांडोर. गावातल्या मेंढपाळाला, शेळ्या राखणाऱ्या आजीला विचारून ती भरली, तर तिच्यात काय काय येईल! विशेष म्हणजे नोंदवहीत एखादी वनस्पती आली की त्या माळावरच्या मुरमाच्या परवानगीला हरकत घ्यायला गावाच्या हातात कागद येतो.

हे पुस्तक त्यासाठीच बेतलं आहे. वर्णनं ओळखायला सोपी जावीत म्हणून आधी पान, मग तुरा, मग फूल या क्रमानं दिली आहेत. कारण बऱ्याचदा पानच दिसतं. शास्त्रीय नावं ठेवली आहेत, कारण मराठी नावं गावागणिक बदलतात आणि कित्येक आमरींना नावच नाही. एकाही दुर्मिळ आमरीचं नेमकं ठिकाण मुद्दाम छापलेलं नाही. फोनवरच्या छायाचित्रासोबत ठिकाणही पसरतं आणि आठवडाभरात तिथलं गवत तुडवलेलं दिसतं, हे सह्याद्रीत पुरेसं पाहून झालं आहे. पुस्तकाच्या शेवटी कोरे तक्ते जोडले आहेत. त्यांत तारीख, नक्षत्र, त्या दिवसापर्यंतचा पाऊस, माळाचा प्रकार, चराई आहे की नाही, आणि झाडांची संख्या लिहायची आहे. फुललेली झाडं वेगळी मोजावीत, नुसत्या पानांची वेगळी, आणि तुरा खुडलेली तिसरी. एका पावसाळ्याच्या तक्त्यातून फार काही कळणार नाही. तोच माळ, तोच कोपरा, दरवर्षी पोळ्याच्या सुमारास, निदान पाच पावसाळे. भरलेल्या तक्त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत द्यावी आणि पोहोच घ्यावी.